ट्रक शिकायचा, पण कुठे?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नोकरी गेल्यावर ट्रक ड्रायव्हर व्हायचं ठरवलं, तर त्यात कमीपणा कसला? आमच्या घरात दोन महिने फोनवर हाच विषय चालू आहे. माझा भाचा ज्या छापखान्यात मशीनवर होता तो बंद पडला. हाताशी साठेक हजार रुपये, दोन मुलं शाळेत. "मास्तरांचा भाचा ट्रकवर?" असं एका वडीलधाऱ्यांनी विचारलंच. तुमच्या घरातलं मीठसुद्धा ट्रकनेच येतं, एवढंच मी म्हटलं. असो.

मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. पैसे कमी असले की माणूस सगळ्यात स्वस्त आणि झटपट क्लास शोधतो. भाच्याला एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने सांगितलं, "साहेब, तुम्ही फक्त दोन दिवस या, बाकी आम्ही बघतो." आता हे बघा, नियमाप्रमाणे मालवाहू गाडीचं शिक्षण किमान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तास. ते झालं असं लिहून देणारा दाखला म्हणजे फॉर्म ५. दोन दिवसांत तो देणं म्हणजे परीक्षेला न बसवता गुणपत्रिका देणं! बरं, लायसन्स मिळेलही. पण ट्रान्सपोर्टवाला लायसन्स बघून थांबत नाही, किल्ली हातात देतो आणि म्हणतो, "जरा मागे घ्या बघू." तिथे ते पैसे बुडाले.

दुसरं टोक म्हणजे कर्ज काढून "नोकरीची हमी" देणारा कोर्स करायचा. ज्याची आजची मिळकत शून्य, त्याने हप्ता डोक्यावर घेऊन शिकायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग क्लास निवडायचा कसा? मी भाच्याला म्हटलं, फी नंतर विचार. आधी विचार, एका ट्रकमागे शिकणारे किती? मी शाळेत एका सूक्ष्मदर्शकापुढे साठ मुलं उभी केलेली आहेत. मागच्या मुलाला काय दिसतं ते मला पक्कं ठाऊक आहे! आठ जणांना केबिनमध्ये कोंबून प्रत्येकाला दहा मिनिटं स्टिअरिंग, याला शिकवणं म्हणत नाहीत. मग विचार, भरलेली गाडी चालवायला देता का? घाटात नेता का? रिकामी गाडी मैदानात फिरवणं वेगळं आणि माल भरून खंबाटकी उतरणं वेगळं. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारा जिवानिशी जातो. खालच्या गिअरमध्ये, ब्रेकची हवा सांभाळत उतरायचं असतं, आणि ते पाटीवर लिहून शिकवता येत नाही. २०२१ पासून सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांची सोय झाली आहे. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा होणारा, आणि पास झाल्यावर आरटीओत पुन्हा चाचणी नाही. असं केंद्र जाण्यायेण्याच्या अंतरावर असेल तर थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

आणि सगळ्यात आधी डोळे तपासून घे म्हटलं. व्यावसायिक लायसन्सला डॉक्टरांचा दाखला लागतोच. फी भरल्यावर मोतीबिंदू कळला तर काय करणार?

आता पैशाचं. मोठ्या गाडीच्या शिकाऊ लायसन्सआधी हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात असावं लागतं. भाच्याकडे कारचं आहे, सहा वर्षांपासून. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की त्याच लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती किंवा छोटा टेंपो तो उद्यासुद्धा चालवू शकतो. माझं म्हणणं, वर्षभर तेच करावं. पगार कमी मिळेल, कबूल. पण साठ हजार शाबूत राहतील, माल बांधणं, चलन, मार्केट यार्डातली रांग, सगळं अंगवळणी पडेल. आणि रात्र-रात्र घराबाहेर राहणं आपल्याला झेपतंय का, हे त्याचं त्याला कळेल. त्याच्या बायकोने विचारलेला एकच प्रश्न होता, "महिन्यातल्या किती रात्री घरी?" आम्ही सगळे अब्रूवर बोलत होतो, तेव्हा कामाचं तीच बोलली.

तर नातेवाईक मंडळी, कळंबोलीला किंवा चाकणला कुणाची चांगल्या ट्रान्सपोर्टवाल्याशी ओळख असेल तर मला फोन करा, दुपारी चारनंतर. सल्ले नकोत, ते मीच त्याला भरपूर दिलेत.