मनोऱ्याची पश्चिमेची भिंत दाखवा

इंदूरमध्ये कार्यालयांसाठी नवी बहुमजली इमारत व्हायची असली की आधी तिचं संगणकावर काढलेलं चित्र येतं आणि त्यावरून दोन तट पडतात. एका तटाला पायापासून माथ्यापर्यंत निळसर काच हवी असते. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्या, आता शहरानंही तसंच दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या तटाला होळकरांच्या राजवाड्याची आठवण हवी असते: कमानी, झरोके, जमल्यास वर एखादी छत्री. दोघांचं भांडण चित्रावरून चाललेलं असतं, आणि त्या चित्रात नेहमी कोवळं ऊन असतं. मे महिन्यातले दुपारचे चार त्यात कुणी काढत नाही. इमारत पारखायची ती मात्र त्याच वेळेला.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा झळ बसते ती गच्चीला. दक्षिणेच्या भिंतीवर वर्षभर ऊन वरून येतं, त्यामुळे हात-दीड हाताचा छज्जाही तिथे बरंच काम करतो. खरी अडचण पश्चिमेची. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य खाली उतरतो, किरणं आडवी आत शिरतात आणि छज्जा कुचकामी ठरतो. तिथे उभ्या पट्ट्या लागतात, जाळी लागते. नाहीतर त्या बाजूला जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहं ठेवून कामाच्या जागा आत घ्याव्या लागतात. काच चारही बाजूंना सारखीच लावली, तर नकाशा काढताना दिशांचा विचारच झाला नाही असं समजावं. मग दुपारभर पडदे ओढून, दिवे लावून, एसी वाढवून लोक काम करतात आणि ज्या उजेडासाठी काच लावली तोच बाहेर राहतो.

परंपरावाद्यांचीही सुटका नाही. राजवाड्याचे सात मजले, खालचे दगडी आणि वरचे लाकडी, पाहताना आपल्याला नक्षी आठवते. पण पुढे आलेले सज्जे भिंतीवर सावली पाडतात, ते काम डोळ्यांत भरत नाही. काचेच्या पेटीवर सिमेंटचे झरोके चिकटवले की नक्षी मिळते, सावली मिळत नाही. शिवाय राजवाडा 1801, 1908 आणि 1984 असा तीनदा आगीत सापडला, तेव्हा जुनं ते सगळं शहाणपणाचं असंही नाही. याच होळकरांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग बांधताना एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराला बोलावलं आणि कमान-छत्री काही न लावता सरळ रेषांची आधुनिक वास्तू उभी केली. आज तिथे केंद्रीय जीएसटीचं कार्यालय चालतं. ती इंदूरची नाही, असं कुणी म्हणत नाही!

काचवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आता दुहेरी काच येते, उष्णता अडवणारा थर येतो. येतो, आणि त्याचा उपयोगही होतो. पण थर उष्णता कमी करतो, संपवत नाही. आणि जी परावर्तित होते ती समोरच्या रस्त्यावर, शेजारच्या घरावर पडते. लंडनमध्ये 20 फेनचर्च स्ट्रीट या मनोऱ्याच्या अंतर्वक्र काचांनी 2013 साली खाली उभ्या मोटारीचे भाग वितळवले. पुढच्या वर्षी त्यावर सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. लंडनच्या उन्हात हे झालं. मालकाचा पैसा, मालकाची आवड, हा आक्षेप म्हणूनच अर्धवट आहे. पैसा त्याचा असेल, पण परावर्तित ऊन आणि एसीनं बाहेर फेकलेली गरम हवा पदपथावरच्या माणसाच्या वाट्याला येते. ज्या माळव्याच्या थंड रात्रींचं, शब-ए-मालवाचं, आपण कौतुक करतो, तिथे दिवसभर तापलेल्या हवेत आणखी भर घालणं शहाणपणाचं नाही.

मोठ्या कंपन्यांना काचच लागते, नाहीतर त्या दुसरं शहर बघतील, ही भीतीही घातली जाते. चांगल्या जागेचं भाडं देणाऱ्या कंपनीला विजेचं बिल कळत नाही, असं मानायला मी तयार नाही. उंचीलाही माझा विरोध नाही. चार्ल्स कोरिआ यांनी मुंबईत 1983 साली पूर्ण केलेल्या कांचनजंगा इमारतीत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरून काढल्या आणि पश्चिमेचं ऊन, पावसाळी झोत घरापासून दूर ठेवले. ती निवासी इमारत आहे हे खरं, पण सूर्य निवासी आणि व्यापारी असा भेद करत नाही.

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीतली सोपी वाट काचेचं प्रमाण बाह्य भिंतींच्या 40 टक्क्यांपर्यंत ठेवते. त्यापुढे जायचं तर पूर्ण इमारतीची ऊर्जा मोजून दाखवायची सोय आहे. हा हिशेब सामान्य माणसाला दिसत नाही, त्याला दिसतं ते चित्र. महापालिकेनं आणि विकास प्राधिकरणानं परवानगीआधी प्रत्येक मनोऱ्याची पश्चिमेची बाजू, 21 मेच्या दुपारी चारची सावली आणि वर्षाच्या विजेचा अंदाज लोकांसमोर मांडावा. झरोका हवा की काच, यावर त्यानंतर हवं तेवढं भांडूया.