सर्सीला कारण कशाला हवं?

ग्रीक पुराणातली कुठलीही बाई घ्या, तिच्यावर इंग्रजी कादंबरी आलेलीच असते. आणि जाहिरातीत ठरलेलं वाक्य: हजारो वर्षं गप्प असलेल्या स्त्रीला अखेर आवाज मिळाला. माझं भांडण या वाक्याशी आहे.

गप्प कोण होतं? इ.स.पू. 415 मध्ये युरिपिडिसने अथेन्समध्ये 'ट्रोजन विमेन' हे नाटक आणलं. हरलेल्या शहरातल्या बायकाच त्यात बोलत राहतात. आणि ऐकणारे कोण? ज्या अथेन्सने नुकतंच मेलॉस बेटावरचे पुरुष कापून बायका-मुलं गुलाम म्हणून विकली होती, तिथले नागरिक. 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गात ब्रायसीस पट्रोक्लसच्या प्रेतावर रडते. भोवतीच्या बायकाही रडतात, आणि होमर जाता जाता सांगतो की निमित्त पट्रोक्लसचं, रडतेय जी ती आपापल्या दुःखासाठी. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. चारशे पानी कादंबऱ्यांनी असं क्वचितच केलंय.

त्याहून खटकते ती बाईला निर्दोष ठरवण्याची घाई. 'ओडिसी'तली सर्सी दारी आलेल्या खलाशांना खाऊ घालते आणि त्यांची डुकरं करून टाकते. का? होमर कारण देत नाही. देवी आहे, बेट तिचं, मर्जी तिची. मॅडलिन मिलरच्या 'सर्सी'त (2018) आधी तिच्यावर बलात्कार होतो, मग डुकरं. कादंबरी मला आवडते, आणि स्किलाला राक्षसी केल्याचं पाप मिलर सर्सीच्याच पदरात ठेवते, हेही मान्य. पण बाईच्या क्रौर्याला जखमेचं सर्टिफिकेट का लागतं? ओडिसियस ट्रॉयहून निघतो, वाटेत इस्मारस लुटतो, पुरुष मारतो, बायका वाटून घेतो. त्याच्या बालपणाची चौकशी कुणी करत नाही.

(आपल्याकडे इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीला मोठं करतानाही, भर सभेत धर्माचा प्रश्न विचारणं ही तिची चूक होती, असं लिहिलंच की.)

शिवाय आवाज मिळतो तो कुणाला? देवी, राण्या, राजकन्या. पॅट बार्करची ब्रायसीस दासी खरी, पण त्याआधी राणी. 'ओडिसी'त मात्र बारा दासी आहेत. राणीच्या मागे लागलेल्या पुरुषांशी त्यांचे संबंध होते, हा त्यांचा गुन्हा. ओडिसियस त्या पुरुषांना मारतो, मग या दासींकडूनच प्रेतं उचलवून घेतो, रक्त पुसून घेतो, आणि काम झाल्यावर टेलेमॅकस त्यांना फासावर लटकवतो. मार्गारेट ॲटवूडने 'पेनेलपियाड'मध्ये (2005) त्यांना कोरस म्हणून उभं केलं. तिथे त्या पुरुषांवर नजर ठेवायला पेनेलपीनेच त्यांना पाठवलेलं असतं, आणि त्या फासावर जातात तेव्हा ती झोपलेली असते. दासी तिला सोडत नाहीत. पुस्तक जेमतेम दोनशे पानांचं आहे, आधी ते वाचा.