सही बाईची, निर्णय कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या बचत गटाने एका दुकानाला कापडी पिशव्या शिवून दिल्या. बायकांनी रात्री जागून काम पुरे केले. दुकानदाराने २७,००० रुपयांचा चेक दिला. सण आलेला, प्रत्येकीच्या घरी पैशाची नड. बँकेत ओळख होती, त्यामुळे चेक वटण्याआधीच पैसे उचलू दिले गेले. खजिनदार बाईने सही केली, वाटप झाले. आठवड्याभरात चेक परत आला. शेरा होता, ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’. बँकेने सगळी रक्कम आमच्या खात्यातून वजा केली, वर चेक परतल्याचा आकारही लावला.

बैठकीत सगळ्यांची बोटे खजिनदाराकडे वळली. घरीही तिला ऐकून घ्यावे लागले, ‘बायकांना व्यवहार कळत नाही.’ पण पैसे लगेच उचलण्याचा आग्रह कुणाचा होता? आम्हा सगळ्यांचा. त्यात मीही होते.

मैत्रिणींनो, बँक आपला चेक घेते ती आपल्या वतीने वसुली करायला. वटण्याआधी तिने दिलेले पैसे म्हणजे एक प्रकारची उचल. चेक परतला की ती आपल्याकडून परत घेते. ज्याने चेक दिला त्याच्याकडून वसूल करणे हे आपले काम.

त्यासाठी कायदा आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधले कलम १३८ एप्रिल १९८९ पासून लागू आहे. चेक परतल्याचे बँकेने कळवले की ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात तक्रार करायची. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. बिल आणि माल पोचल्याची सही मात्र जपून ठेवायला हवी.

नोटीस लिहायला बसलो तेव्हा चेकवरची सही नीट पाहिली. सही बाईची! दुकान बायकोच्या नावावर, व्यवहार नवऱ्याचा. तिने चेकबुकावर कोऱ्या सह्या करून ठेवलेल्या. कायदा सही पाहतो. कोऱ्या चेकवर सही केली आणि बाकीचे दुसऱ्याने भरले, तरी सही करणारी सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. उलट खाते नवरा-बायकोचे जोडखाते असेल, पण बायकोने चेकवर सही केली नसेल, तर तिच्यावर या कलमाखाली खटला चालत नाही, हा निकाल २०१३ चा आहे.

गटात वाद झाला. बाईने बाईवर केस करायची का? मी म्हटले, नोटीस गेलीच पाहिजे. दया म्हणून सोडून दिले तर किंमत मोजणार कोण? रात्री जागलेल्या बायका. पण नोटीस पाठवून मी स्वतः तिला भेटायला गेले. आपल्या नावावर दुकान आहे एवढेच तिला ठाऊक होते. तुरुंगाचे नाव निघाल्यावर तिने घरात पहिल्यांदा हिशेब विचारला. बाराव्या दिवशी पैसे आले.

पैसे आले म्हणून प्रश्न संपत नाही. आमची खजिनदार आणि ती दुकानवाली यांच्यात मला फार फरक दिसत नाही. दोघींनी सही केली, निर्णय दुसऱ्यांचा होता. दुकानवालीच्या बाबतीत ते दुसरे म्हणजे नवरा. खजिनदाराच्या बाबतीत ते दुसरे म्हणजे आपणच, हे कबूल करायला जड जाते.

म्हणून माझे म्हणणे असे : चेक वटल्याशिवाय वाटप नको. नडच असेल तर तसा ठराव सगळ्यांच्या सहीने वहीत लिहा आणि तोटा आला तर सगळ्यांनी वाटून घ्या. आणि पुढच्या शिबिरात बायकांना सही करायला शिकवाल, तेव्हा कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही नाकारायलाही शिकवा. आपल्या गटाच्या खजिनदाराला असे नाकारता येते का, हे आधी तिलाच विचारून पाहा.