आमचा मारिओ जरा सावकाश धावायचा

निन्टेन्डोनं नोव्हेंबर २०१६मध्ये आपल्या जुन्या कन्सोलची तळहातावर मावेल अशी छोटी आवृत्ती बाजारात आणली. आत ३० गेम आधीच भरलेले, टीव्हीला एक वायर जोडली की खेळ सुरू. जगभर तिच्यावर उड्या पडल्या. त्या ३० गेमांची यादी आपल्यापैकी १९९०च्या दशकात शाळेत असलेल्या कुणीही एकदा वाचून पाहावी. मारिओ आहे, पॅकमॅन आहे, डाँकी काँग आहे. पण कॉन्ट्रा नाही, त्याचा पुढचा भाग तेवढा आहे. टँकवाला बॅटल सिटी नाही. पेट्रोल संपायच्या आत शर्यत पुरी करायची ती लाल गाडी, म्हणजे रोड फायटर, नाही. सर्कस चार्ली नाही, डक हंट नाही. त्यांच्या जागी झेल्डा, मेट्रॉइड, स्टारट्रॉपिक्स असे गेम आहेत. परळला किंवा साताऱ्याला वाढलेल्या बहुतेक मुलांच्या ते कधी कानावरही आले नव्हते.

यात निन्टेन्डोची काही चूक नाही. ती यादी अमेरिकी मुलांच्या आठवणींची आहे. बॅटल सिटी आणि सर्कस चार्ली तिथल्या त्या कन्सोलवर कधी अधिकृतपणे आलेच नाहीत. आपली आठवण दुसऱ्याच यंत्रात घडली. त्या यंत्राची बाजू मांडायला ना कंपनी उरली आहे, ना संग्रहालय. आजचा हा स्तंभ त्याच्या वतीनं लिहितो आहे.

निन्टेन्डोचं मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिली काँप्युटर, म्हणजे फॅमिकॉम, या नावानं निघालं. भारतात ‘समुराई’ नावानं ते अधिकृतपणे विकलं गेलं, पण फार थोड्या घरांत पोचलं. बाकीच्या घरांत आल्या त्या नकला. मीडिया, लिटल मास्टर अशी काहींची नावं तरी लक्षात आहेत. कित्येकांच्या खोक्यावर वाचण्याजोगं नावही नसायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोड नाहीतर मनीष मार्केट, आणि इतरत्र गावातलं इलेक्ट्रॉनिक्सचं एखादं दुकान. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं ते मे महिन्याच्या सुट्टीत पाळीपाळीनं भाड्यानं आणत. एका खोलीत दोन रिमोट आणि भोवती आते-मामे-चुलत भावंडांचा घोळका. मेलास की रिमोट पुढच्याच्या हातात, हा नियम सगळ्या महाराष्ट्रात कुणी न लिहिता एकसारखाच होता.

आपल्याला झेल्डा माहीत नव्हता आणि सर्कस चार्ली पाठ होता, याचं कारण आवडीनिवडीत नाही, चिपच्या किमतीत आहे. सुरुवातीच्या काळातले फॅमिकॉमचे गेम फार छोटे असत, २४ किंवा ४० किलोबाइटचे. सप्टेंबर १९८५मध्ये आलेला पहिला सुपर मारिओ अख्खाच्या अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसतो. त्यासाठी ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढली आहेत, फक्त रंग वेगळा. असे गेम एका स्वस्त चिपवर डझनावारी कोंबता येत. म्हणून ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये १९८३ ते १९८६ या काळातले चिमुकले गेमच पुन्हा पुन्हा दिसायचे. झेल्डाला १२८ किलोबाइट लागत आणि खेळ साठवून ठेवायला कॅसेटमध्ये बॅटरीही लागे. नक्कल करणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. कॉन्ट्राही १२८ किलोबाइटचाच, पण त्याला बॅटरी नको होती आणि मागणी इतकी होती की तो आलाच. एका पिढीचं सामायिक बालपण असं तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांच्या हिशेबानं ठरलं. यातली गंमत मला अजून पुरेशी सांगून झालेली नाही असं वाटत राहतं.

त्या ‘९९९९’मध्ये खरे गेम मोजकेच. बाकी सगळी त्यांचीच रूपं, कुठे मारिओ चौथ्या जगापासून सुरू होणारा, कुठे कॉन्ट्रा हातात आधीच एस बंदूक असलेला. लहानपणी ही फसवणूक वाटायची. आज ती कॅसेट लावतो तेव्हा मी सुरुवातीचा मेनूच बघत बसतो. समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, मागे वाजणारी एक धून आणि नावांची न संपणारी यादी. हे निन्टेन्डोनं केलेलं नाही. कुणा अनाम प्रोग्रामरनं अगदी थोड्या जागेत ही चित्रं आणि हे संगीत बसवलं, आणि कोट्यवधी मुलांनी रोज सगळ्यात आधी त्याचंच काम पाहिलं. त्याचं नाव कुठल्याही यादीत सापडणार नाही.

आता वेगाबद्दल. जुने गेम पुन्हा खेळून पाहणारी माझ्या वयाची माणसं हमखास एक तक्रार करतात. मोबाइलवर किंवा काँप्युटरवर इम्युलेटर टाकला, मारिओ सुरू केला, आणि सगळं भलतंच फास्ट वाटलं. बिचारे समजतात की वय झालं, हात मंदावले. हात मंदावले असतीलही, पण मोठं कारण वेगळं आहे. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. हे गेम दर चित्रामागे एक पाऊल पुढे सरकतात. पाल देशांत विकल्या गेलेल्या बहुतेक नकलांमध्ये त्यासाठी खास बनवलेल्या चिप असत. त्या जपानी गेम जशाचा तसा चालवत, फक्त सेकंदाला ५० पावलांनी. म्हणजे आपला मारिओ एक षष्ठांश सावकाश धावायचा. वर कोपऱ्यात ४००पासून उतरत जाणारा वेळ अमेरिकेत सुमारे १६० सेकंदांत संपे, आपल्याकडे १९२ सेकंदांत. संगीताचं तर आणखी वेगळं. प्रोसेसरचा वेग जवळजवळ मूळ यंत्राइतकाच ठेवलेला असल्यामुळे सूर तोच राहिला आणि लय तेवढी उतरली. आपल्या कानात बसलेली मारिओची धून ही तीच धून, पण आपल्या लयीत.

म्हणून जुनं नकली यंत्र शोधून ते डबा टीव्हीला लावण्याला मी निव्वळ हौस म्हणत नाही. महाग घेतलेलं अस्सल अमेरिकी यंत्र आपली लय देऊ शकत नाही. ती लय त्या स्वस्त यंत्रातच आहे.

काही इम्युलेटरमध्ये हा वेग निवडायची सोय असते. त्या पर्यायाचं नाव ‘डेंडी’. डेंडी हे रशियातलं नकली यंत्र. स्टीप्लर नावाच्या कंपनीनं १९९२च्या अखेरीस ते विकायला काढलं, त्यासाठी टोपी घातलेला हत्ती चितारून घेतला, पुढे त्या यंत्रावर टीव्हीचा कार्यक्रमही झाला. रशियातली ती पोरं मोठी झाली तेव्हा त्यांनी आपली यंत्रं उघडली, चिपांचे नंबर टिपले, वेग मोजले, कॅसेटमधला मजकूर उतरवून घेतला. पोलंडमध्ये पेगासस नावाच्या नकलेबद्दल तिथल्या लोकांना असंच प्रेम आहे. त्यांना नकलेची लाज वाटली नाही. आज जगभर कुणालाही हा वेग हवा असेल तर तो रशियन नावानं मिळतो. आपल्याकडेही घरोघरी हेच चाललं होतं, पण आपण ते लिहून ठेवलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकूणच जुन्या गेमांचं जतन ही दुबळी बाब आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं जुलै २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथं २०१०पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गानं विकत मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. ग्रंथालयांना असे गेम संशोधकांपर्यंत दूरस्थ पद्धतीनं पोचवू द्यावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४मध्ये नाकारली. आणि हे झालं अधिकृत, नावानिशी निघालेल्या गेमांचं. आपल्या कॅसेटी त्या हिशेबात कुठेच नाहीत. व्हिडिओ पार्लरमधल्या ‘मुस्तफा’चंही तसंच. कॅपकॉमच्या १९९३मधल्या त्या गेमचं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पिवळ्या टोपीतल्या मुस्तफावरून आपण सगळा गेमच त्याच्या नावावर करून टाकला. घरच्या कन्सोलवर तो अधिकृतपणे कधी आला नाही.

नकलेचं एवढं कौतुक कशाला, हे चोरीचंच काम होतं, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो बरोबर आहे. कोनामी आणि नामकोच्या ज्या लोकांनी हे गेम रात्री जागून बनवले त्यांना आपल्या खोलीतल्या खेळातून काही मिळालं नाही. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए, हा कॉन्ट्रातला ३० लाइफचा कोड ज्या काझुहिसा हाशिमोतोंनी आधी १९८६च्या ग्रॅडियससाठी केला, ते २०२०मध्ये गेले. तो कोड सांगलीपर्यंत कुठल्याही मासिकाविना कुणाच्या तरी मुंबईच्या भावाकडून पोचला. हाशिमोतोंना त्याची कल्पनाही नसेल. म्हणून माझं मत असं की जे गेम आज रीतसर मिळतात ते पैसे देऊन घ्यावेत. कोनामीनं २०१९मध्ये कॉन्ट्राचा संग्रह काढला, नामकोच्या २०२०च्या संग्रहात बॅटल सिटी आहे. दोन्ही घ्या. पण जुनं यंत्र आणि जुनी कॅसेट जपणं हे त्या चोरीला पाठिंबा देणं नाही. ती घडून गेलेल्या काळाची कागदपत्रं आहेत.

संग्रहाचा दुसरा एक प्रकार मला अजिबात पटत नाही. जुलै २०२१मध्ये सुपर मारिओ ६४ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली. ती पारदर्शक पेटीत बंद आहे आणि ती उघडली की तिची किंमत जाते. खेळायची वस्तू कुणीही कधी खेळू नये यावर जिचं मोल टिकून आहे, तिला मी गुंतवणूक म्हणेन, संग्रह म्हणणार नाही. कॉन्ट्राच्या धबधब्यावर एकानं घाई केली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा मरतो. त्यावरून झालेली भांडणं हा त्या गेमचाच भाग आहे, आणि तो भाग पेटीत बंद करता येत नाही. शेजारी बसलेला माणूस लागतो.

तेव्हा माळ्यावर, गावच्या घरी किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असं एखादं यंत्र हाती लागलं, तर आधी उघडून बघा. मूळ फॅमिकॉमच्या पाटीवर वेगवेगळ्या चिप ओळीनं बसवलेल्या असतात. नंतरच्या स्वस्त नकलेत एका छोट्या हिरव्या पाटीवर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असतो, बस्स. सगळं यंत्र त्या गोळ्याखाली. कॅसेट उघडली तर मोठ्या पिवळ्या खोक्यात दोन बोटं रुंद पाटी आणि बाकी पोकळी. दोन्हींचे फोटो काढून ठेवा, चिपवर नंबर असेल तर तो वाचता येईल असे. मेनूतली नावं मोबाइलवर चित्रित करा. कॅसेटमधला मजकूर काँप्युटरवर उतरवणारी छोटी उपकरणं मिळतात. जमत असेल तर तेही करा, कारण या चिपही कायमच्या टिकणाऱ्या नाहीत.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. लहानपणी फुंकरीनं चालायची असं वाटायचं, पण चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे. श्वासातल्या ओलाव्यानं पिना गंजतात, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यानं आधीच पुष्कळ काम केलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानकोरणीचा कापूस ६० पिनांवरून हलक्या हातानं फिरवा, काळा मळ निघतो. जुना अडॅप्टर हरवला असेल तर घरात सापडेल तो लावू नका. काही यंत्रांना मधला ध्रुव ऋण लागतो, काहींना धन. उलटा पडला तर तो काळा गोळा जळतो, आणि त्याची दुरुस्ती लॅमिंग्टन रोडवरही होत नाही.

शेवटचं सांगणं टीव्हीचं आहे, आणि ते तातडीचं आहे. डक हंटची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी दिसतो का ते पाहतो. पिक्चर ट्यूबवर तो लगेच दिसायचा. आजच्या पॅनेलवर चित्र पोचायला एवढा उशीर होतो की गेमच्या दृष्टीनं प्रत्येक नेम चुकलेलाच असतो. बंदूक जपली, कॅसेट जपली, आणि डबा टीव्ही भंगारवाल्याला देऊन टाकला, तर बदक पुन्हा कधीच पडणार नाही. चालू स्थितीतला १४ किंवा २१ इंची टीव्ही अजूनही कुणाच्या तरी घरी कपड्याखाली झाकलेला असतो. तो काढून टाकण्याआधी नातेवाइकांत, सोसायटीत एकदा विचारा. मागायला येणारा कुणीतरी नक्की असतो.