ओढ्यावर स्लॅब नको

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत आणि साताऱ्यात एकच मागणी ऐकू येते: ओढा काँक्रीटने बांधून काढा, जमल्यास वर स्लॅब टाका. पाणी झटक्यात निघून जाईल, डास कमी होतील, वर रस्ताही होईल. ही मागणी करणाऱ्यांच्या घरात पाणी शिरलेले असते, म्हणून तिची टर उडवणे गैर आहे. तरीही ती मान्य करता येत नाही.

पाणी झटक्यात निघून जाणार कुठे? सांगलीचा शेरी नाला कृष्णा नदीला मिळतो. आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45 फूट. नदी इशारा पातळीला पोचण्याआधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात पाणी चढू लागते. 2019 मध्ये तर ती 57 फुटांवर गेली. फुगलेली नदी नाल्याचे पाणी घेत नाही. मग वरून वेगाने आणलेले पाणी खालच्या वस्तीतच तुंबणार. सपाट, काळ्या मातीच्या सांगलीत पावसाला थोपायला जागा लागते. शामरावनगरच्या सखल रानांत ती होती. रानांचे प्लॉट पडले, ओढ्यांवर भराव पडले. आता छपरांवरचे आणि रस्त्यांवरचे पाणी मुरत नाही, एकदम धावते.

शेरी नाल्याचे पाणी उपसून धुळगावला नेण्याची योजना आहेच की, असे कोणी म्हणेल. सांडपाणी नदीत जाऊ नये यासाठी ती हवीच. पण पंप रोजच्या सांडपाण्यासाठी असतात. सगळ्या उपनगरांवर तासभर कोसळलेला पाऊस उपसणे त्यांच्या आवाक्यातले नाही.

ओढा मोकळा करायचा तर गरिबांची घरे पडतील, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्याने आयुष्यभराची कमाई घालून गुंठा घेतला, 2001 च्या गुंठेवारी कायद्याने तो नियमित करून घेतला, त्याच्यावर पहिला बुलडोझर घालणे अन्याय आहे. सुरुवात मोकळ्या जागांपासून आणि अजून मंजूर न झालेल्या लेआउटपासून व्हावी. साताऱ्यात 2020 च्या हद्दवाढीने आलेल्या भागांत ही संधी आजही आहे. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उतारांवरच छोटे बांध, चर, झाडोरा यांनी पाण्याचा वेग मोडला, तर खालच्या पेठांवरचा भार हलका होतो.

मेलेला प्रवाह पुन्हा जिवंत होत नाही म्हणणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातल्याच अग्रणी नदीकडे पाहावे. गावकरी आणि प्रशासनाने मिळून तिचे बुजलेले पात्र मोकळे केले. ते खेड्यातले, शहरात जमणार नाही? सिंगापूरने बिशान उद्यानाच्या कडेचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडला आणि 2012 पर्यंत तिथे 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी वाहती केली. जोराचा पाऊस झाला की उद्यानाचा काठ पाणी झेलतो, ओसरले की लोक पुन्हा फिरायला येतात.

आपल्याकडे सांडपाण्याची नळवाहिनी पात्राबाहेरून न्यावी, काठाला वाळा, करंज, उंबर लावावेत, काठालगतची मैदाने पावसाळ्यात पाणी साठेल अशी खोलगट ठेवावीत. आणि गावनकाशात दिसणारा प्रत्येक ओढा जागेवर मोजून, खुणेचे दगड रोवून झाल्याशिवाय कोणत्याही नव्या लेआउटवर मंजुरीची सही होऊ नये.