सुलतान, अण्णा आणि कपाटातला पासपोर्ट

मॅच बघताना तुमच्या घरी कोण ओरडतं? आमच्याकडे सगळेच. आई देवघरातून ओरडते, मामा सोफ्यावर उभा राहून ओरडतो आणि माझा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा बारक्या, टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन ओरडतो की बाकीच्यांना फक्त त्याची पाठ दिसते. गप्प असतात ते एकटे अण्णा. ते मॅच बघत नाहीत, ते फझेल अत्राचालीला बघतात.

31 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. दिवाळीत डेडलाइनच्या कृपेने घरी जाता आलं नव्हतं, म्हणून स्वारगेटवरून एसटी पकडून मी इंदापूर गाठलं. बारामतीहून मामा आलेला. प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनची फायनल होती, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. आता पुणे जिल्ह्यातल्या घरात कुणाला सपोर्ट करायचं हा काय प्रश्न झाला? पण आमच्याकडे झाला. कारण फझेल त्या वर्षी दिल्लीकडून खेळत होता.

"दाजी, ह्यावेळी तरी आपल्या माणसांच्या बाजूनं ओरडा," मामा म्हणाला.

"कुठल्या टीमचा ते नंतर. आधी पकड बघ," अण्णा.

ज्यांचा कबड्डीशी संबंध शाळेच्या गॅदरिंगनंतर तुटला, त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. फझेल अत्राचाली हा उत्तर इराणमधल्या गोर्गनचा. जन्म 1992 चा. आधी कुस्ती, मग कबड्डी. तसं कबड्डी त्यांच्याकडे अगदी उपरीही नाही. इराणच्या काही भागांत 'झू' नावाचा असाच दम धरून खेळायचा जुना खेळ आहे. आपण 'कबड्डी कबड्डी' म्हणतो, ते 'झूऽऽऽ' करतात. बाकी श्वास तोच.

फझेलची जागा डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारा आत आला की हा कोपऱ्यात वाकून शांतपणे थांबतो आणि एका क्षणात घोटा धरतो. एकदा धरला की धरला! तो 2015 मध्ये यू मुंबाकडून या लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी मुंबई चॅम्पियन झाली. 2016 मध्ये पाटण्याकडून पुन्हा विजेतेपद. 2017 मध्ये गुजरातकडून फायनल, पण हार. पुढे तो इतका मोठा झाला की या लीगमध्ये पकडींचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर जमा झाले आणि लोक त्याला 'सुलतान' म्हणायला लागले. आमच्या अण्णांनी त्याला हा किताब कधीच दिला नाही. ते त्याला 'आपला इराणी' म्हणतात.

परदेशी जाऊन खेळणारा इराणी म्हटलं की जुन्या फुटबॉलवेड्यांना कोलकाता आठवेल. 1978 च्या वर्ल्ड कपसाठी इराणच्या संघात असलेला मजीद बिश्कर अलीगढला शिकायला आला आणि 1980 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला लागला. त्याच्यासोबत जमशीद नसिरीही होता. जमशीद कोलकात्यातच रमला आणि त्याचा मुलगा कियान यानं 2022 मध्ये तिथल्या डर्बीत हॅटट्रिक केली. मजीद मात्र मायदेशी परतला. 2019 मध्ये, क्लबच्या शताब्दीला तो परत आला तेव्हा त्याला बघायला कोलकाता लोटलं होतं. दोघं एकाच रस्त्यानं आले, पण एक राहिला आणि एक परतला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कारण त्या रात्री आमच्या घरात कबड्डीपेक्षा मोठी मॅच चालू होती. बारक्याला दुबईतल्या एका कंपनीची ऑफर आली होती. मेंटेनन्स इंजिनीअर, दोन वर्षांचा करार, पगार आत्ताच्या तिप्पट. होय किंवा नाही, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बारक्या बारामती एमआयडीसीत नोकरी करतो, रोज बाइकवरून जातो-येतो आणि रात्री घरी जेवतो. अण्णांच्या मते सुख म्हणतात ते हेच. आणि बारक्याचा पासपोर्ट? तो अण्णांच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलखाली. किल्ली अण्णांच्या जानव्याला नसली तरी जवळपास तिथेच!

आठ दिवस घरात या विषयावर कुणी बोललं नव्हतं. आईनं फोनवर मला एवढंच सांगितलं होतं, "तू ये. तुझं ऐकतील." माझं कुणी ऐकत नाही हे आईला माहीत आहे, पण आयांना आशा असते.

मॅचकडे वळू. फायनल शेवटपर्यंत घासून झाली. पलटण मागून येत होती, मामाचा आवाज बसला होता. सामना अगदी टोकाला आलेला असताना पलटणच्या चढाईत फझेलनं पकड मारली आणि खेळ खल्लास. 31-28, दिल्ली चॅम्पियन. दहा वर्षांपूर्वी पहिला कप उचलणारा माणूस तेहतिसाव्या वर्षी तिसरा कप उचलत होता. मामानं रिमोट आपटला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी!

"कुठलं कोण पोरगं," ते म्हणाले, "कुठं येऊन नाव काढलं बघा."

बारक्या टीव्हीसमोरून उठला. "अण्णा, त्याच्या वडलांनी पासपोर्ट कपाटात ठेवला असता तर?"

आई देवघरातून बाहेर आली. मामानं आपटलेला रिमोट उचलून आवाज बंद केला. अण्णा काही बोलले नाहीत. उठले आणि झोपायला गेले. म्हटलं, झालं! सोमवारचं उत्तर ठरलं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी फझेलचे लिलावाचे आकडे काढून बसले. (फ्रीलान्सरला दुसऱ्याचं पॅकेज बघायची वाईट खोड असते.) 2018 मध्ये यू मुंबानं त्याला 1 कोटीला घेतलं, लीगच्या लिलावात कोटी गाठणारा तो पहिलाच. 2022 मध्ये आपल्या पुणेरी पलटणनं 1 कोटी 38 लाख मोजले. त्याला कॅप्टन केलं आणि टीम पहिल्यांदाच फायनलला गेली. मुंबईतल्या त्या फायनलमध्ये जयपूरनं आपल्याला 33-29 असं हरवलं. पुढच्या वर्षी गुजरातनं त्याला 1 कोटी 60 लाखांना नेलं आणि पलटणनं 2 कोटी 35 लाख मोजून दुसरा इराणी आणला, मोहम्मदरेझा शादलू. मार्च 2024 मध्ये पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली, ती शादलूसह. फझेलशिवाय. आणि 2024 च्या लिलावात फझेलची किंमत? 50 लाख, बंगालकडून.

आपल्यापैकी कुणाचं अप्रायझल असं झालं असतं तर आपण दोन दिवस सिक लीव्ह टाकली असती. हा माणूस नवी जर्सी घालून पुन्हा कोपऱ्यात जाऊन वाकला आणि पुढच्या वर्षी कप घेऊन गेला. दहा वर्षांत सहा जर्सी झाल्या, जागा मात्र तीच राहिली. मला वाटलं, सकाळी अण्णांना हेच सांगायचं.

सांगायची वेळच आली नाही. रविवारी सकाळी अण्णा म्हणाले, "चल, पळसदेवला जाऊन येऊ." बारक्याला नाही, मला. आमचं मूळ गाव तिथलंच. उजनी धरणात जुनं गाव गेलं तेव्हा अण्णा शाळकरी होते. पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं. त्या दिवशी पाणी भरपूर होतं. अण्णा काठावर उभे राहून पाण्यातली एक जागा दाखवत म्हणाले, "तिथं आमचं अंगण होतं. मी तिथं कबड्डी खेळायचो. डावा कोपरा."

एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

"आम्हाला कुणी इचारलं नव्हतं," ते म्हणाले. "उठा म्हणाले, उठलो. तवाच ठरवलं, पोरांना कुणी उठवायला नको."

मी म्हटलं, "अण्णा, पण बारक्याला कुणी उठवत नाहीये. तो स्वतःच्या पायानं चाललाय."

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "तो इराणी घरी कधी जातो?"

खरं सांगू? मी या प्रश्नाला तयार नव्हते. लीग दोन-तीन महिन्यांची असते. त्यानंतर परदेशी खेळाडू आपापल्या घरी. शिवाय फझेल स्वतःच्या देशाकडूनही खेळत आलाय. 2018 मध्ये जकार्त्याच्या एशियन गेम्समध्ये इराणनं सेमीफायनलला भारताला हरवलं. 1990 पासूनची आपली सलग सात सुवर्णपदकं तिथं थांबली. 2023 मध्ये हांगझोऊला आपण ते सुवर्ण 33-29 असं परत घेतलं, तेव्हा समोर कॅप्टन फझेलच होता. म्हणजे हा माणूस आपल्याकडे कमवायला येतो आणि तिकडे जाऊन आपल्यालाच धरतो!

"म्हणजे दरवर्षी जातो," अण्णा म्हणाले. "मग आपल्या पोराचं काय? दोन वर्षं?"

पॉइंट होता. दुबईची नोकरी काही दोन-तीन महिन्यांत संपत नाही. माझं आवडतं उदाहरण अण्णांनी एका पकडीत बाद केलं होतं. मग मी त्यांना नाशिकच्या शैलजा जैन यांच्याबद्दल सांगितलं. 2018 मध्ये भारताच्या मुलींना फायनलमध्ये 27-24 असं हरवून सुवर्ण नेणाऱ्या इराणच्या मुली. त्यांची कोच ही आपली मराठी बाई! घर नाशिकला आणि काम इराणला. गेली, शिकवलं, जिंकली, परत आली. अण्णांनी नाव पुन्हा विचारून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी बारक्याला समोर बसवलं. करार वाचून दाखवायला लावला, मराठीत. पगार कुणी विचारलाच नाही. प्रश्न होते ते असे: सुट्टी किती? वर्षातून एकदा का दोनदा? तिकीट कोण देणार? मध्येच सोडून यायचं झालं तर? पासपोर्ट तुझ्याजवळ राहणार का कंपनीजवळ? शेवटच्या प्रश्नावर बारक्या हसला. अण्णा हसले नाहीत. मग उठून कपाट उघडलं.

सोमवारी बारक्यानं एचआरला मेल टाकला. आधी वर्षातून एकदा तीस दिवसांची सुट्टी लेखी मागितली, ती मिळाल्यावर 'होय' कळवलं. निघायच्या दिवशी आईनं डोळे पुसले, मामानं बॅगेत इंदापूरची डाळिंबं कोंबली आणि अण्णा परत गप्प.

आता बारक्याचा फोन रोज रात्री येतो. जेवलास का, हा आईचा प्रश्न झाला की अण्णा फोन घेतात आणि कबड्डीवर बोलतात. त्याच्या पहिल्या सुट्टीची तारीख त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, ऊसतोडीच्या तारखेखाली.

आणि हो, तुमच्या घरातला पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे, एकदा बघून ठेवा. किल्ली मागायच्या आधी, ती कुणी आणि का जपून ठेवलीय तेही विचारा.