बायोलॉजी सोडलं म्हणजे सुटलो?

आपल्या होस्टेलवर कुणालाही विचारा, बारावीला बायोलॉजी का सोडलंस? उत्तर ठरलेलं. "नुसतं पाठांतर रे! सुटलो बुवा." मला हे पटत नाही. साक्षीला एकच जनुक आणतो. नाव स्नॅप-25, मुक्काम 20 वं गुणसूत्र.

या जनुकावरून जे प्रथिन तयार होतं ते जेमतेम 206 अमिनो आम्लांचं. मेंदूचा निरोप स्नायूला द्यायचा तर चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या, रसायनाने भरलेल्या इवल्याशा पिशव्या पेशीपटलात मिसळून बाहेर रित्या व्हाव्या लागतात. याला एक्सोसायटॉसिस म्हणतात (नाव ओरलला दातखीळ बसवणारं, मान्य). पण दोन पटलं आपणहून एक होत नाहीत. पिशवीवरचं एक प्रथिन आणि पटलावरची दोन, त्यातलंच एक स्नॅप-25, एकमेकांना पीळ घालत जातात. बॅगेची चेन लागावी तशी. त्या ओढीने पटलं भिडतात. ही ओढ 2012 साली लेझरच्या चिमट्याने मोजली गेली, 10 ते 20 पिकोन्यूटनच्या घरात. सांगा, हे मेकॅनिक्स नाही तर काय?

आता बिघाड बघा. बोटुलिनमचं ए प्रकारचं विष या 206 पैकी शेवटची फक्त 9 अमिनो आम्लं छाटतं. चेन पुरती लागत नाही, पिशवी रिती होत नाही, स्नायू लुळा. श्वासाचे स्नायू गेले की माणूस दगावतो. तेच विष अगदी सूक्ष्म मात्रेत 1989 मध्ये अमेरिकेत तिरळेपणावर औषध म्हणून मंजूर झालं, आणि 2002 मध्ये चक्क भुवयांमधल्या आठ्या घालवायला! गंमत म्हणजे ते स्नॅप-25 ला छाटतं हे कळलं 1993 साली. म्हणजे 'चालतंय ना, मग चालू दे' हा फक्त आपल्या लॅबचा नियम नाही.

म्हणून माझं म्हणणं, आपल्या इलेक्टिव्हमध्ये बायोलॉजीचा एक विषय हवाच. व्याख्या आणि आकृत्यांचा नव्हे, असा, यंत्र उघडून दाखवणारा. सिलॅबस आधीच फुगलाय, प्लेसमेंटला उपयोग काय, हे मेसच्या टेबलावर मला ऐकवून झालंय. पण पेसमेकर आणि इन्सुलिन पंप काय डॉक्टर बनवतात? आपल्यातलेच कुणीतरी बनवतात ना! आणि ती माणसं शरीराला काळा डबा समजून काम करणार असतील तर पेशंटचं कठीण आहे.

वेगळा स्टाफ मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. मेकॅनिकलच्या एखाद्या सरांनी या चेनचं फ्री बॉडी डायग्राम फळ्यावर काढायला घेतलं, तर शेवटच्या बाकावरची आमची गँग पुढे येऊन बसेल.